न मोजलेले श्वास

मुलांनो, वह्या बंद करा. आज नोट्स नाहीत, आज फक्त ऐकायचं.

मेडिसिन वॉर्डातले सकाळचे टीपीआर चार्ट मी एकेक करून पाहिले. ताप प्रत्येकाचा वेगळा, नाडी वेगळी, श्वसनाचा दर मात्र सगळ्यांचा २०. न्यूमोनियाच्या रुग्णाचा २०, हार्ट फेल्युअरवाल्याचा २० आणि उद्या डिस्चार्ज मिळणाऱ्याचाही २०. हे शक्य नाही, आणि तुम्हालाही ते ठाऊक आहे. एकाही रुग्णाच्या छातीकडे कुणी मिनिटभर पाहिलेलं नाही. याला विसरणं म्हणत नाहीत, खोटी नोंद म्हणतात.

खिडकीजवळच्या आजोबांच्या चार्टवरही २० आहे. मी त्यांच्या खाटेशी जाऊन उभी राहिले. पाय खाली सोडून, हात गुडघ्यांवर टेकून ते पुढे झुकून बसले होते. ओठांचा चंबू करून श्वास सोडत होते. प्रत्येक श्वासाला मानेचे स्नायू ताणले जात होते आणि गळ्याखालचा खळगा आत ओढला जात होता. दोन शब्द बोलले की थांबायचे. मी पूर्ण मिनिट मोजलं: ३४. सीओपीडीचा, म्हणजे फुप्फुसाच्या जुनाट आजाराचा, जुना रुग्ण, आणि तोंडावर साधा मास्क २ लिटरवर लावलेला! साध्या मास्कला किमान ५ लिटर प्रवाह लागतो. त्याहून कमी दिला तर बाहेर सोडलेला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्ये साठतो आणि रुग्ण तोच पुन्हा आत ओढतो. कमी ऑक्सिजन द्यायचा असेल तर नेझल प्राँग्ज आहेत, व्हेंचुरी मास्क आहे. हे पहिल्या वर्षाला शिकवलंय. परीक्षेत तुम्ही ते लिहिलंत, मार्क घेतलेत आणि सोडून दिलंत.

‘पण मॅडम, ऑक्सिजन सॅच्युरेशन ९१ होतं, सीओपीडीत तेवढं चालतं,’ असं एकीने मला सांगितलं. सीओपीडीत ८८ ते ९२ ठेवतात हे बरोबर. पण बोटाला लावलेलं ते यंत्र रक्तातला कार्बन डायऑक्साइड दाखवत नाही, आणि तेवढ्या आकड्यासाठी रुग्ण किती झगडतोय हेही दाखवत नाही. शरीर आधी श्वास वाढवून वेळ मारून नेतं. रुग्ण थकला की मग सॅच्युरेशन घसरतं. तोवर हातातला वेळ गेलेला असतो. श्वसनाचा दर आधी बोलतो, म्हणून तो मोजायचा.

तुमची पोपटपंची मला ठाऊक आहे. टायडल व्हॉल्यूम ५०० मिली, डेड स्पेस १५० मिली, वायुकोश सुमारे ३० कोटी. आता जरा हिशेब करा. मिनिटाला १२ श्वास, प्रत्येकी ५०० मिली, म्हणजे ६ लिटर. ३० उथळ श्वास, प्रत्येकी २०० मिली, तेही ६ लिटरच. पण प्रत्येक श्वासातले १५० मिली श्वासनलिकांतच राहतात. पहिल्याच्या वायुकोशांपर्यंत ४.२ लिटर हवा पोहोचते, दुसऱ्याच्या फक्त १.५ लिटर. भराभर श्वास घेणारा माणूस भरपूर हवा घेतोय, असं समजून तुम्ही पुढच्या खाटेकडे जाता. तो गुदमरत असतो.

उलट बाजूही ऐका. ऑपरेशननंतर मॉर्फिन दिलेला रुग्ण शांत झोपलाय म्हणून तुम्ही खूश. त्याचा दर ८ वर आला असेल तर ती झोप नव्हे, मेंदूतलं श्वसनाचं केंद्र दबत चाललंय. तिथे सवयीने २० लिहिलंत, तर तुमच्या सहीखाली त्याचा जीव जाईल.

आणि वेळ नव्हता ही सबब माझ्यापुढे नको. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी निरक्षर सुईणींना बाळाचे श्वास मोजायला शिकवलं. आकडे येत नाहीत म्हणून त्यांच्यासाठी वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधन तयार केलं. त्या बायका झोपडीत, बाळाच्या उघड्या छातीवर नजर ठेवून मणी सरकवत श्वास मोजायच्या. गावातच न्यूमोनिया ओळखून औषध देण्याच्या त्या कामामुळे बालमृत्यू घटले आणि १९९० मध्ये तो अभ्यास लॅन्सेटमध्ये छापून आला. तुमच्या मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ आहे, भिंतीवर चार्ट आहे, चार वर्षांचं शिक्षण आहे. लाज वाटू द्या.

आता नीट ऐका. मनगट हातात धरा, नाडी मोजताय असंच रुग्णाला वाटू द्या. श्वास मोजताय हे त्याला कळलं की श्वास बदलतो. छाती वर गेली, खाली आली, की एक श्वास. पूर्ण ६० सेकंद मोजायचं. १५ सेकंद मोजून चारने गुणायचं नाही. मोठ्या माणसात १२ ते २० ही मर्यादा. मुलांत दोन महिन्यांच्या आत ६० किंवा जास्त, वर्षाच्या आत ५०, पाच वर्षांच्या आत ४० किंवा त्याहून जास्त दर दिसला की तो जलद श्वास, ताबडतोब कळवायचा. आकड्यासोबत नाकपुड्या फुलतात का, बरगड्यांखाली छाती आत ओढली जाते का, ओठ निळसर आहेत का, हे पाहायचं आणि लिहायचं.

मोजायला जमलं नाही तर रकाना कोरा ठेवा आणि ड्यूटीवरच्या सिस्टरांना तसं सांगा. कोरा रकाना दिसला तर कुणीतरी जाऊन मोजेल. तिथे खोटा आकडा असेल तर कुणीही जाणार नाही.