श्रावणातली पोथी आणि नातीचं पुस्तक

श्रावणातली सकाळ. रात्रभर कोसळलेला पाऊस थांबलाय, पण पागोळ्या अजून गळतायत. लावणी उरकून बरेच दिवस झाले, खाचरांत भात तरारून उठलंय. आमचं शिवरे खेड-शिवापूरजवळचं, भोर तालुक्यातलं, शिवगंगेच्या खोऱ्यातलं. या वेळी डोंगर ढगात बुडालेला असतो आणि पुणे-सातारा हमरस्त्यावर गाड्यांची घरघर सुरू झालेली असते. घरातली तरणी माणसं डबे भरून कामाला निघायच्या घाईत असतात. त्या गडबडीत पाच वर्षांची नात गोधडीसकट माझ्या मांडीवर येऊन बसते आणि पुस्तक पुढं करते. "आबा, हे." शाळेला अवकाश असतो. ही दहा मिनिटं आमची दोघांची.

पुस्तक उघडलं की मला आमच्या जुन्या घराची ओसरी आठवते. श्रावणात माझे वडील पोथी लावायचे. एखाद्या वर्षी नवनाथ भक्तिसार, एखाद्या वर्षी पांडवप्रताप. जेवणं उरकली की चौरंग मांडला जाई, कंदिलाची वात वर होई, लाल फडक्यातली पोथी बाहेर निघे. आळीतली माणसं घोंगड्या घेऊन येत, बायका उंबऱ्याआड बसत. वडील चालीवर ओव्या वाचत आणि शेजारचे एक म्हातारबाबा अर्थ सांगत. बसलेल्यांत अक्षरओळख असलेले दोघं-तिघंच. पण मच्छिंद्रनाथ स्त्रीराज्यात गुंतले आणि गोरख त्यांना आणायला निघाला, की सगळी ओसरी श्वास धरून बसे. गोठ्यातल्या म्हशीचं रेकणंसुद्धा कुणाच्या कानावर येत नसे.

या पोथ्या मुळात कानांसाठीच लिहिलेल्या. श्रीधरस्वामींनी १७०२ साली पंढरपुरात हरिविजय पुरा केला, १७१२ मध्ये पांडवप्रताप आणि १७१८ मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या बारामतीत शिवलीलामृत. छापील मराठी पोथी घरोघर यायला तेव्हा फार अवकाश होता. म्हणून तर या ग्रंथांतून श्रोत्यांना सारखी साद घातलेली आहे. एकानं वाचायचं आणि घरानं ऐकायचं, हे आपल्याकडं कुणी बाहेरून आणलेलं नाही. ते आपल्या ओसरीवर होतंच. पोथी फडक्यात बांधून फडताळात गेली आणि रिकाम्या झालेल्या त्या जागी मुलांचं पुस्तक आणून ठेवायचं मात्र आपण विसरलो.

मुलांना काय वाचून दाखवावं, असं कुणी विचारलं की मी त्या ओसरीकडं बघतो. तिथं सगळी उत्तरं आहेत.

वडील पोथी वाचत, कारण त्यांना स्वतःला ती गोड लागत असे. ऐकणाऱ्यांना हे त्यांच्या आवाजातून कळे. मुलांनाही ते कळतं. आपल्याला कंटाळवाणं वाटणारं पुस्तक मुलाच्या हितासाठी म्हणून वाचायला घेतलं, तर दुसऱ्याच पानावर मूल मांडीवरून उतरतं. म्हणून पुस्तक घेण्याआधी त्यातलं एक पान मी मोठ्यानं वाचून बघतो. वाक्य जिभेवर सहज बसतं का? वाचताना धाप लागते का? छापलेल्या ओळीत माणसाचा आवाज ऐकू येतो का? डोळ्यांना चांगली दिसणारी पुष्कळ पुस्तकं या परीक्षेत मागं पडतात. माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं उतरतात. 'राधाचं घर' या त्यांच्या संचात एक चिमुरडी आपल्या घरातल्या माणसांची ओळख करून देते. बोलणं अगदी घरातलं, वाक्यं लहान, आणि मजकूर ज्या हातानं लिहिला त्याच हातानं चित्रं काढलेली. त्यामुळं चित्र आणि शब्द एकमेकांना धरून चालतात. कविता हवी असेल तर विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' घ्यावा. त्यातली गंमत कानांवर पडल्याशिवाय पुरती कळत नाही.

पोथ्या फिरून फिरून त्याच असत. पुढं काय होणार हे सगळ्यांना ठाऊक असूनही कुणी म्हणत नसे, "हे मागं झालं की!" उलट ठाऊक असलेला प्रसंग जवळ आला की माणसं सरसावून बसत. नात एकच पुस्तक महिनाभर रोज आणते, तेव्हा घरातले म्हणतात, "अगं, दुसरं घे ना काहीतरी." मी म्हणतो, राहू द्या. पहिल्या दिवशी तिनं गोष्ट ऐकली. चौथ्या दिवशी तिला चित्राच्या कोपऱ्यातली मांजर दिसली. दहाव्या दिवशी पान उलटायच्या आधी पुढचं वाक्य ती स्वतः म्हणाली. विसाव्या दिवशी तिनं पुस्तक ओढून घेतलं आणि ओळींखालून बोट फिरवत सगळं मला 'वाचून' दाखवलं. अक्षरं अजून तिला पुरती येत नाहीत. पण शब्द डावीकडून उजवीकडं चालतात, या काळ्या खुणांत बोलणं दडलेलं असतं, हे तिला उमजलं होतं. वाचायला शिकण्याची सुरुवात इथं होते.

ओसरीवर अर्थ सांगणारे म्हातारबाबा असत, ते ओव्यांमधलं दूरचं जग आमच्या शिवारात आणून सोडत. कुरुक्षेत्र केवढं, तर इथून पार नसरापूरपर्यंत, असं सांगत. मुलांना वाचून दाखवताना ती जबाबदारी आपली. पुस्तकातला शब्द अडला तर आपल्या बोलीतला शब्द शेजारी ठेवावा. 'रोपे' आलं की मी "म्हणजे आपला तरवा" असं म्हणतो, आणि नातीच्या चेहऱ्यावर उजेड पडतो. पण पुस्तकातला शब्द गाळू नये. घरातलं आपलं रोजचं बोलणं थोडक्या शब्दांत भागतं. ऊठ, आवर, जेव, चल, किती वेळ! 'घनदाट', 'हुरहुर', 'लगबग' हे शब्द मुलाला पुस्तकातूनच भेटतात. एकदा कानांवर आलेला शब्द पुढं कधी पानावर दिसला, तर मूल त्याला ओळखीच्या माणसासारखं भेटतं.

आणखी एक गोष्ट मला ओसरीनं शिकवली, पण ती कळायला फार उशीर झाला. नातीला वाचून दाखवायला लागलो, तेव्हा दर पानावर मी थांबत असे. "ससा कुठं गेला? किती फुलं आहेत? यातून काय शिकलीस?" चार-पाच दिवस तिनं उत्तरं दिली. मग एक दिवस पुस्तक मिटून म्हणाली, "आबा, आज नको." ते दोन शब्द मला फार लागले. वडिलांनी कधी पोथी थांबवून कुणाला प्रश्न विचारला होता का? आजच्या अध्यायाचं तात्पर्य सांगा, असं कुणी कुणाला म्हणालं होतं का? कधीच नाही. अध्याय संपला की आरती होई. समाप्तीच्या दिवशी प्रसाद मिळे. घरी जाताना माणसं आपणहून बोलत आणि ते बोलणं दुसऱ्या दिवशी बांधावरही चालू राही. तेव्हापासून मी प्रश्न सोडून दिले. आता नातच विचारते. मुलाच्या एका प्रश्नातून जे निघतं, ते आपल्या दहा प्रश्नांतून निघत नाही.

बालशिक्षणाचं काम केलेल्या गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधल्या शिक्षकाचा अनुभव असाच आहे. मोठे बेत आखून तो वर्गात जातो आणि पहिल्याच दिवशी गोंगाटापुढं त्याचे बेत ढासळतात. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला घेतो आणि वर्ग शांत होतो. ज्या गिजुभाईंबरोबर भावनगरला काम करून ताराबाई मोडक महाराष्ट्रात परतल्या आणि १९४५ साली बोर्डीत खेड्यातल्या मुलांसाठी काम उभं केलं, त्या गिजुभाईंचा गोष्टीवर केवढा विश्वास होता, हे त्या पुस्तकातून कळतं.

मूल स्वतः वाचू लागलं की आपण वाचून दाखवणं बंद करतो. "आता येतंय ना तुला, वाच तुझं तू." मला वाटतं, इथं आपली मोठी चूक होते. अमेरिकेतल्या जिम ट्रिलीज यांनी मुलांना वाचून दाखवण्यावर एक पुस्तक लिहिलं. ते १९८२ साली मोठ्या प्रकाशनाकडून निघालं आणि जगभर गेलं. त्यांचं एक म्हणणं मला घरातच पटलं. मुलाचे कान त्याच्या डोळ्यांच्या पुढं असतात, आणि साधारण आठवीच्या सुमारास डोळे कानांना गाठतात. म्हणजे तिसरीतलं मूल स्वतः जेमतेम चार ओळींची गोष्ट वाचत असलं, तरी ऐकताना त्याला मोठी कादंबरी पेलते. त्याला फक्त त्याच्या वाचनाच्या मापाचं दिलं, तर त्याच्या समजुतीची उपासमार होते.

माझा नातू तिसरीत आहे. त्याला मी भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' वाचून दाखवतो, रोज एक प्रकरण. फेणे फुरसुंगीचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. तोंडानं 'ट्टॉक' असा आवाज काढायची त्याची सवय. तो 'ट्टॉक' वाचणाऱ्यानं मोठ्यानं काढावाच लागतो, आणि मग घरभर 'ट्टॉक' सुरू होतं. फेणेचं खरं नाव बनेश. ते ऐकताच नातू म्हणाला, "आबा, बनेश म्हणजे आपल्या बनेश्वराचा का?" नसरापूरचं बनेश्वर आमच्यापासून जवळच, श्रावणी सोमवारी आम्ही तिथं जातो. पुस्तकातलं जग आणि पायाखालचं जग त्या क्षणी त्याच्या मनात एकमेकांना भेटलं. चांगल्या पुस्तकाची खूण यापेक्षा वेगळी काय असते?

पुढच्या श्रावणात त्याच्यासाठी 'श्यामची आई' लावायची आहे. हो, 'लावायची'च. साने गुरुजींनी ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलं आणि प्रकरणांना 'रात्र' असं नाव दिलं. अशा बेचाळीस रात्री. आश्रमात मित्र जमतात आणि श्याम रोज रात्री आईची एकेक आठवण सांगतो. म्हणजे ती रोज एक अध्याय ऐकायची पोथीच आहे. वाचताना माझा आवाज भरून येईल, हे मला माहीत आहे. येऊ दे. दुःखाचे प्रसंग मुलांपासून लपवू नयेत. आपल्या माणसाच्या कुशीत बसून ऐकलेलं दुःख मुलाला घाबरवत नाही, हळवं आणि शहाणं करतं.

"आम्हाला कुठं वाचता येतं?" असं काही आजी-आजोबा म्हणतात. त्यांना मी सांगतो, चित्रांचं पुस्तक घ्या आणि चित्र बघून तुमच्या शब्दांत गोष्ट सांगा. किंवा मुलाला म्हणा, "तू वाच, मी ऐकते." आमच्या घरातली शाळेत गेलेली नाही. नातू तिला संध्याकाळी भाकरी थापताना वाचून दाखवतो. तो अडखळला तरी ती चूक काढत नाही, फक्त म्हणते, "मग काय झालं रं पुढं?" एवढ्या एका वाक्यावर त्यानं पुस्तकं संपवली आहेत. ऐकणारं माणूस असलं की वाचणाऱ्याला बळ येतं.

पुस्तकं महाग, ही अडचण खरी आहे, पण वाटाही आहेत. बालभारतीचं 'किशोर' मासिक नोव्हेंबर १९७१ पासून निघतंय, आणि त्याचे जुने अंक मोबाइलवर फुकट वाचायला मिळतात. शाळेच्या कपाटातली पुस्तकं मुलांच्या हातात द्या, असं गुरुजींना आणि बाईंना आपण जाऊन सांगू शकतो. पुस्तक फाटेल, ही भीती सोडावी. कुलपात नव्यासारखं राहिलेलं पुस्तक वायाच गेलेलं असतं. आमच्या याच हमरस्त्यानं साताऱ्याकडं निघालं आणि वाईवरून पाचगणीचा घाट चढला, की भिलार लागतं. ४ मे २०१७ पासून ते पुस्तकांचं गाव आहे. तिथं लोकांनी आपल्या घरांतल्या खोल्या पुस्तकांना दिल्या आहेत. महाबळेश्वरला जाताना तिथं दोन तास थांबावं आणि कुठलं पुस्तक उघडायचं, हे मुलालाच ठरवू द्यावं.

चहा निवला. नातीचं पुस्तक संपलं. दारात मैत्रिणीनं हाक दिली आणि ती दप्तर उचलून पळाली. पुस्तक माझ्या मांडीवर तसंच उघडं राहिलं. आज तिच्या कानांत काय साठलं, ते मला माहीत नाही. वडिलांनाही माहीत नव्हतं. ओसरीच्या कोपऱ्यात पेंगत बसलेल्या एका पोरानं त्यांचा आवाज आयुष्यभर जपून ठेवला, हे त्यांना कधी कळलं नाही.

पोथी लावायला श्रावणाची वाट बघावी लागायची. मुलांच्या पुस्तकाला मुहूर्त लागत नाही. आज घरातल्या मुलाला जवळ घ्या, त्याच्या हातात असेल ते पुस्तक उघडा आणि एक पान मोठ्यानं वाचा. प्रश्न विचारू नका. उद्या तेच पुस्तक घेऊन मूल पुन्हा आलं, तर तेच पुन्हा वाचा.