जिंकणाऱ्याचं नाव

सिडनीचं ऑपेरा हाउस मुख्यतः लॉटरीच्या पैशांतून उभं राहिलं. न्यू साउथ वेल्सच्या सरकारने 1957 साली त्यासाठी खास लॉटरी सुरू केली आणि 1973 मध्ये इमारत खुली होईपर्यंत खर्चाचा मोठा भार तिकीट घेणाऱ्यांनीच वाहिला. 1 जून 1960 च्या सोडतीत 1 लाख पौंडांचं पहिलं बक्षीस फिरतीच्या नोकरीवरच्या एका विक्रेत्याला लागलं. तेव्हाच्या रिवाजाप्रमाणे वर्तमानपत्रांत त्याचं नाव आलं, पत्ताही आला. 7 जुलैच्या सकाळी त्याचा आठ वर्षांचा मुलगा शाळेच्या वाटेवरून पळवला गेला. 25 हजार पौंडांची मागणी करणारा फोन घरी आला. 16 ऑगस्टला मुलाचा मृतदेह सापडला.

त्या मुलाचं नाव ऑस्ट्रेलियात आजही घेतलं जातं. मी इथे ते घेत नाही. नाव छापल्यामुळे जे घडलं त्याबद्दल लिहिताना ते पुन्हा छापावंसं वाटत नाही. मारेकरी पकडला गेला, त्याला जन्मठेप झाली आणि तुरुंगातच तो मेला. पण हे घर त्याला दाखवलं ते बक्षिसाच्या बातमीने. पुढे ऑस्ट्रेलियात विजेत्यांना नाव गुप्त ठेवण्याची मुभा मिळाली. त्यासाठी एका मुलाचा जीव जावा लागला.

नाव जाहीर करण्याच्या बाजूने एक युक्तिवाद मात्र खरोखर वजनदार आहे. लॉटरीत पैसा लोकांचा असतो. तो एखाद्या खऱ्या माणसाला मिळाला की आतल्याआत मुरला, हे लोकांना कळायला नको का? अमेरिकेत आयोवा राज्यात डिसेंबर 2010 मध्ये 1 कोटी 65 लाख डॉलरचं बक्षीस लागलं आणि जवळजवळ वर्षभर कुणी पुढे आलं नाही. मग मुदत संपता संपता बेलीझमधल्या एका ट्रस्टच्या नावाने दावा आला. तिकीट घेणारा कोण, हे सांगायला मात्र दावेदार तयार नव्हते. लॉटरीच्या अधिकाऱ्यांनी हट्ट सोडला नाही, तेव्हा दावाच मागे घेतला गेला. तपास सुरू झाला. दुकानातल्या कॅमेऱ्याचं चित्रण लोकांसमोर आल्यावर तिकीट घेणारा माणूस ओळखला गेला. तो होता एडी टिप्टन, अनेक राज्यांच्या लॉटऱ्या चालवणाऱ्या संघटनेचा माहिती-सुरक्षा प्रमुख. आकडे निवडणाऱ्या संगणकातच त्याने आपल्या सोयीचा कोड घुसवून ठेवला होता. 2017 मध्ये त्याने गुन्हा कबूल केला आणि त्याला 25 वर्षांपर्यंतची शिक्षा झाली.

हे प्रकरण मला नजरेआड करता येत नाही. निनावी दावा तिथे निमूटपणे मान्य झाला असता, तर चोरी पचली असती. पण दावा अडला तो अधिकाऱ्यांनी नाव मागितल्यामुळे, आणि चित्रण लोकांना दाखवलं गेलं ते संशय आल्यानंतर. सरकारला विजेता कोण ते ठाऊक असलंच पाहिजे. त्याचे कागद, त्याची नाती, तिकीट कुठून आलं, हे सगळं तपासायला स्वतंत्र लेखापरीक्षकही हवा. त्यासाठी शेजारच्या गल्लीला ते कळण्याची गरज नसते. आपल्याकडच्या 1998 च्या लॉटरी नियमन कायद्याच्या अटी पाहा: तिकीट राज्य सरकारने छापायचं, सोडतही त्यानेच काढायची, तीही राज्याच्या हद्दीत. या अटींनी बांधला जातो तो सोडत काढणारा. पारदर्शकता तिथेच हवी.

मग विजेत्याचा चेहरा कशाला हवा असतो? पुढची तिकिटं विकायला. हाती मोठ्ठा धनादेश घेतलेला साधा माणूस पाहिला की घेणाऱ्याला वाटतं, याला लागलं तर मलाही लागेल. लॉटरीचं दुकान चालतं ते या वाटण्यावर. म्हणजे तिकिटाची किंमत देऊन झाल्यावर, बक्षीस घेताना, माणसाकडून आणखी एक किंमत वसूल केली जाते, आणि तिचा आकडा तिकिटावर छापलेला नसतो.

केरळात 1967 पासून सरकारी लॉटरी आहे आणि ओणमची बंपर सोडत म्हणजे तिथे सणाचाच भाग. 2022 मध्ये पहिलं बक्षीस 25 कोटींचं होतं. ते एका रिक्षाचालकाला लागलं. एजंटचं कमिशन आणि कर वजा जाता हाती येणार होते पावणेसोळा कोटींच्या आसपास. पैसे खात्यात येण्याआधीच दारात माणसं येऊ लागली. कुणाला उपचारासाठी हवे होते, कुणाला कर्ज फेडायला. काही दिवसांतच त्या माणसाने जाहीरपणे सांगितलं की हे बक्षीस लागलं नसतं तर बरं झालं असतं. त्याला स्वतःच्या घरी राहणं अशक्य झालं होतं.

दारात आलेल्या त्या लोकांना मी लोभी म्हणणार नाही. सरकारी इस्पितळाच्या रांगेत उभ्या असलेल्या माणसाला 25 कोटींची बातमी कळली तर तो जाणारच. पण त्याच शहरात शेकडो कोटींचे मालक राहतात आणि त्यांच्या फाटकाशी अशी गर्दी होत नाही. याचं कारण फक्त पहारेकरी नव्हे. कमावलेला पैसा, तो कसाही कमावलेला असो, ज्याचा त्याचा असतो, असं आपण मनोमन मानतो. नशिबाने आलेला पैसा मात्र अर्धा सगळ्यांचा वाटतो. तो तुला मिळाला, मला मिळाला नाही, यात तुझं कर्तृत्व काय? मग वाटा मागायला संकोच कसला? या प्रश्नात तथ्य आहे, म्हणून तर तो इतका बोचतो. जिंकणाऱ्याला स्वतःलाही तो आतून पडलेला असतो आणि त्यामुळे नाही म्हणताना त्याची जीभ अडखळते. काल ज्याच्याशी चहा प्यायला तो आज अर्जदार होऊन येतो. दोघांनाही पूर्वीसारखं बोलता येत नाही. नाव झाकण्याची इच्छा, मला वाटतं, पैसा झाकण्यासाठी कमी आणि ही नाती जशी होती तशी राहावीत यासाठी जास्त असते. आपल्याकडे गुप्तदानाला मान आहे, कारण देणाऱ्याचं नाव कळलं की घेणाऱ्याची मान खाली जाते. ज्याच्या पदरात अचानक काही पडलं त्यालाही तोच आडोसा का मिळू नये?

श्रीमंतांना तो मिळतोच. जमिनी कंपन्यांच्या नावे असतात, शेअर ट्रस्टच्या नावे. जानेवारी 2018 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका बाईला जवळपास 56 कोटी डॉलरचं बक्षीस लागलं. ट्रस्टच्या नावाने दावा केला तर नाव गुप्त राहतं, हे कळायच्या आत तिने तिकिटामागे स्वतःची सही केली होती. सही खोडली तर तिकीट बाद. ती कोर्टात गेली. मार्चमध्ये न्यायाधीशांनी निकाल दिला की तिचं गाव सांगता येईल, नाव नाही. निकाल चांगला लागला, पण त्यासाठी वकील लागले. तिकिटामागे सही करणाऱ्या बहुतेकांना वकील करायचा असतो हेच माहीत नसतं.

झाकण्यालाही हद्द असावी, असं मला वाटतं. चीनमधल्या ग्वांग्शीत 2022 साली सुमारे 22 कोटी युआन जिंकणारा माणूस कार्टूनचा पिवळा पोशाख घालून बक्षीस घ्यायला गेला. बायकोमुलांनाही त्याने सांगितलं नव्हतं. ती आळशी होतील, अशी त्याला भीती होती. शेजाऱ्यापासून नाव राखणं मला समजतं. घरातल्या माणसांपासून राखलं तर जी नाती वाचवायची तीच पोकळ होतात.

फ्लोरिडात 2006 साली 3 कोटी डॉलर जिंकलेल्या एका मजुराचा, त्याच्याशी ओळख वाढवून पैसा हडपणाऱ्या बाईने 2009 मध्ये खून केला. 2022 मध्ये त्या राज्याने अडीच लाख डॉलर किंवा त्याहून मोठ्या बक्षिसांच्या विजेत्यांची नावं 90 दिवस गुप्त ठेवण्याचा कायदा केला. पण ती बाई त्या मजुराच्या आयुष्यात आली तीच बक्षिसानंतर सुमारे दोन वर्षांनी. 90 दिवसांत माणूस फार तर बँक बदलेल, फोन बदलेल. तिकिटाच्या पाठीमागे सहीशेजारी एक चौकट हवी, ‘नाव जाहीर करू नये’ अशी, आणि तिच्यावर खूण केली की ती पाळणं सरकारवर बंधनकारक असायला हवं, मुदत न लावता.