देवराईची हद्द

गोव्यातील सत्तरी तालुक्यात बांबर येथे निरंकाराची राई आहे. झऱ्याच्या पाण्याने तिची भूमी दलदलीची झालेली, आणि त्या दलदलीत रानजायफळाचे वृक्ष उभे आहेत. चिखलात वायू मिळावा म्हणून त्यांची मुळे गुडघ्यासारखी वाकून वर येतात. जवळच्याच कोरड्या जांभ्याच्या सड्यावर हा वृक्ष तग धरणार नाही. स्थळाचे शासन इतके कठोर असते.

परंतु तो येथे आला कोठून, असे विचारताच गावची शीव ओलांडावी लागते. सह्याद्री नैर्ऋत्येचे मोसमी वारे अडवितो, म्हणून ही भूमी ओली. आंबोलीस वर्षाकाठी सुमारे ७००० मिलिमीटर पाऊस पडतो. घाटापलीकडील बेळगावास त्याचा चौथा हिस्साही लाभत नाही. शिवाय या वृक्षाचे बीज जड. ते वाऱ्यावर उडत नाही. धनेशासारखे पक्षी ते गिळून दूरच्या रानात टाकतात. अशी दलदलीची वने दक्षिणेस केरळापर्यंत तुटक तुटक पसरली आहेत. तेव्हा राईतील संपदा केवळ राईची नव्हे, साऱ्या प्रदेशाची देणगी होय.

येथे धर्माचा प्रश्न उभा राहतो. राईत कुऱ्हाड चालवू नये, हा निर्बंध आपल्या पूर्वजांनी घातला. देवाचा कौल घेतल्यावाचून पडलेले लाकूडही कित्येक गावी उचलीत नसत. गाडगीळ व वर्तक यांनी १९७६ साली देवरायांवरील आपल्या निबंधात या परंपरेचे मोल शास्त्रज्ञांपुढे मांडले. पण भोवतालचे रान काजूच्या वा रबराच्या लागवडीखाली गेले, तर राई समुद्रातील बेटासारखी एकाकी होते. जुने वृक्ष उभे असतात; बाहेरून नवे बीज मात्र येत नाही. निर्बंध अक्षरशः पाळला गेला आणि ठेव तरीही झिजत गेली, तर आपण वचन पाळले असे म्हणावे काय?

कोणी म्हणेल, ज्या व्रताला हद्द नाही ते व्रतच नव्हे. परक्याच्या डोंगराचा भार गावाने का वाहावा? या म्हणण्यात तथ्य आहे, आणि ते मला सहज खोडता येत नाही. हद्द स्पष्ट होती म्हणूनच तर राया टिकल्या. तरीही, ज्या झऱ्यावर राई जगते त्याचे पाणी बहुधा त्याच परक्या डोंगरात मुरलेले असते. पुढच्या खेपेस देवळात एखाद्या पडलेल्या झाडासाठी कौल लावला जाईल, तेव्हा मानकऱ्यांनी त्या डोंगराविषयीही देवाला विचारून पाहावे.