हौसेची जखम

लायपोसक्शनमध्ये कातडीला तीन-चार मिलिमीटरचे छेद देतात, त्यांतून पोकळ नळी आत सारतात आणि कातडीखालची चरबी ओढून काढतात. बोथट टोकाच्या नळीची ही रीत पॅरिसचे शल्यविशारद इव्ह-जेरार इलूझ यांनी १९७७ च्या सुमारास रूढ केली. काढलेली चरबी निवळून गाल, स्तन किंवा नितंबांत भरली की ते फॅट ट्रान्सफर. शस्त्रक्रिया काही तासांत आटोपते. पुढचे आठवडे घरी काढावे लागतात. धर्मशास्त्रांनी रूपासाठीच्या शस्त्रक्रियेचा विचार केला आहे, पण तो बहुतेक सुरी लागण्यापूर्वीचा: करावी की करू नये? घरी पडल्यावर उभा राहणारा प्रश्न निराळा आहे आणि जास्त अवघडही. आजार नसताना, आपल्या मर्जीने ओढवून घेतलेल्या दुखण्याला आजाऱ्याचे हक्क मिळतात का?

पहिल्या प्रश्नावर मतभेद भरपूर आहेत. ज्यू धर्मशास्त्रात स्वतःच्या शरीराला इजा करणे निषिद्ध आहे. तरीही न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी १९६४ मध्ये रूप सुधारू पाहणाऱ्या तरुणीला शस्त्रक्रियेची मुभा दिली. त्यांचा आधार ज्यू धर्मशास्त्रकार मायमोनिडीज: निषेध आहे तो भांडणातून किंवा अवमानापोटी केलेल्या इजेचा, स्वतःच्या भल्यासाठी सोसलेली जखम त्यात बसत नाही. जेरुसलेमचे रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांना हे अजिबात पटले नाही. वैद्याला परवानगी आहे ती रोग बरा करण्याची, निर्मात्याच्या कारागिरीत दुरुस्त्या करण्याची नव्हे, असे त्यांचे म्हणणे. पोप बारावे पायस यांनी ऑक्टोबर १९५८ मध्ये, मृत्यूच्या काही दिवस आधी, इटलीच्या प्लास्टिक सर्जनांपुढे भाषण केले. त्यांनी शरीराचे सौंदर्य चांगले मानले, पण खालच्या पायरीवरचे. निर्णय हेतूवर सोपवला. आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह (धर्मकायदा) अकादमीने २००७ मध्ये मलेशियातील पुत्रजया येथे लायपोसक्शनचा थेट उल्लेख केला: वजन हाच आजार झाला असेल, दुसरा उपाय नसेल आणि अपाय होणार नसेल, तरच ते चालेल.

हे सारे निर्णय ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी थांबतात. घरी मात्र शरीराला हेतूशी काही देणेघेणे नसते. चरबी काढण्यापूर्वी आत भरलेले सलाइन, भुलीचे औषध आणि ॲड्रेनलिन यांचे मिश्रण पहिले एक-दोन दिवस छेदांतून गुलाबी पाण्यासारखे झिरपते. गादीवर मेणकापड घालावे लागते. घट्ट प्रेशर गारमेंट साधारण चार ते सहा आठवडे अंगावर राहते. ते पहिल्यांदा उतरवताना रक्तदाब एकदम घसरून भोवळ येऊ शकते, म्हणून पहिल्या आंघोळीला कुणीतरी जवळ लागते. चरबी निघाली तरी सुजेमुळे पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा उलट पुढेच सरकतो. नितंबांत चरबी भरली असेल तर साधारण दोन आठवडे बसायला बंदी: पालथे किंवा कुशीवर झोपायचे, नाहीतर उभे राहायचे. घरातले कुणीतरी पाणी देते, पाय वर करून देते आणि मनातल्या मनात म्हणतेही, ‘हिला कुणी सांगितलं होतं?’

हा टोमणा वाटतो तितका उथळ नाही. इस्लामी फिक्हमध्ये त्याची रीतसर चर्चा झाली आहे. प्रवाशाला नमाज आखूड करण्याची सवलत असते. पण प्रवासच पापाच्या कामासाठी असेल तर? शाफई पंथ म्हणतो, अशा प्रवाशाला सवलत नाही. हनफी पंथ म्हणतो, आहे. सवलत प्रवासाच्या वस्तुस्थितीला मिळते, कारणाला नाही. कोकणी मुसलमान परंपरेने शाफई आणि देशावरचे बहुसंख्य हनफी, म्हणजे हा वाद महाराष्ट्राच्याही घरातला आहे. घरच्या शुश्रूषेला हनफी तर्क अधिक शोभतो. कृत्याचा दोष आणि त्यातून आलेली असहायता या दोन गोष्टी वेगळ्या मोजल्या नाहीत तर दारूने यकृत गमावलेला आणि बेफाम गाडी हाकून पाय मोडलेला, दोघेही खाटेवर एकटे पडतील. शिवाय ‘हौस’ हा शिक्काही घाईचा असतो. वर्षानुवर्षे पोटावरून ऐकलेली कुचेष्टा, बाळंतपणानंतर बदललेले अंग, लग्नाच्या बाजारातले बोलणे यांचा हिशेब त्यात कुणी धरत नाही.

फॅट ट्रान्सफरमध्ये आणखी एक कोडे आहे. बौद्धांच्या सतिपट्ठान सुत्तात शरीराच्या अशुचि भागांची जी यादी ध्यानासाठी दिली आहे, तिच्यात मेद आहे. आयुर्वेद त्यालाच सात धातूंत गणतो, म्हणजे शरीर धारण करणाऱ्यांत. या शस्त्रक्रियेत दोन्ही दृष्टी एकाच माणसाच्या अंगावर नांदतात: पोटावर नकोसा असलेला मेद गालात गेला की जपायचा ठेवा होतो. तिथे पहिले काही दिवस त्या पेशी आजूबाजूच्या द्रवावर तग धरतात. ज्यांच्यापर्यंत नव्या रक्तवाहिन्या पोहोचतात त्या जगतात, बाकीच्या विरून जातात. किती टिकेल ते आधी नेमके सांगता येत नाही आणि खरा आकार दिसायला काही महिने जातात. पैसे मोजून शरीरावर मालकी गाजवायला निघालेल्या माणसाला इथे शरीराच्या मर्जीची वाट पाहावी लागते.

या प्रतीक्षेला तप म्हणण्याचा मोह होतो. काही जण तसे म्हणतातही. व्रतातही देहाला कष्ट असतात, पण तिथे देहाचे लाड कमी करायचे असतात आणि इथे कष्टाचे फळ देहातच हवे असते. एकनाथी भागवतात देहाचा पेच नेमका मांडला आहे: वाईट म्हणून टाकावा तर मोक्ष हातचा जातो, चांगला म्हणून भोगावा तर नरक ठरलेला, म्हणून टाकूही नये, भोगूही नये, परमार्थाला लावावा. या कसोटीवर रूपासाठीची शस्त्रक्रिया उतरेल असे वाटत नाही. पण शस्त्रक्रिया झाल्यावर जखम स्वच्छ ठेवणे, वेळेवर औषध घेणे, रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने चालणे हे मात्र देह न टाकण्यातच मोडते. आधीच्या निर्णयाचा पश्चात्ताप असला तरी ते टळत नाही.

खरी नैतिक चूक बहुधा लपवण्यात होते. लोक काय म्हणतील या भीतीने शस्त्रक्रिया गुपचूप उरकतात, घरच्यांना ‘फिरायला चाललो’ सांगतात आणि एकटेच कुठेतरी बरे होऊ पाहतात. धाप लागणे, छातीत दुखणे, एकाच पोटरीला सूज, वाढता ताप ही तातडीने रुग्णालय गाठायची लक्षणे आहेत, आणि भूल व वेदनाशामकांच्या गुंगीत असलेल्याला ती स्वतःहून ओळखता येतीलच असे नाही. शरमेने मौन धरणारा आणि टोमण्याने ते मौन लादणारा, दोघेही त्या धोक्याला जबाबदार असतात. मात्र धर्मपंडितांच्या निर्णयांत टोमणा मारणाऱ्याचा विचार क्वचितच आढळतो.