वाटेचा भार कोणावर?

मध्य प्रदेशातल्या जामसांवलीचा मारुती उभा नाही, पिंपळाखाली निजलेला आहे. संजीवनी घेऊन जाताना इथे त्याने विसावा घेतला, असे लोक सांगतात. त्याच्या नाभीतून झिरपणारे पाणी तीर्थ म्हणून घेण्यासाठी मंगळवारी-शनिवारी सौंसर-पांढुर्ण्याच्या गावांतून आणि साठ-पासष्ट किलोमीटरवरच्या नागपुराहून माणसे येतात. कुणी अनवाणी चालत येते, कुणी बसने सौंसरला उतरून पुढे ऑटो करते, कुणी पांढुर्ण्यापर्यंत रेल्वेने येते, कुणाची गाडी थेट देवळापाशी थांबते. यांतल्या पायी येणाऱ्याची यात्रा खरी आणि बाकीच्यांची उणी, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे, की गाडीने आलेला माणूसही ती मान्य करून थोडा ओशाळतो. ही समजूत तपासून पाहायला हवी. प्रवासाचे धार्मिक मोल प्रवाशाने किती सोसले यावर नव्हे, तर त्याच्या प्रवासाचा भार कोणी वाहिला यावर ठरते, असे मला वाटते.

पायी यात्रेच्या बाजूने शास्त्राचा आधार दिला जातो. मत्स्यपुराणातल्या प्रयागमाहात्म्यात वाहनाने जाणाऱ्याचे तीर्थ निष्फळ ठरवले आहे, हे खरे. पण तिथेच त्याची कारणेही आली आहेत. निंदा होते ती ऐश्वर्याच्या लोभाने किंवा मोहाने वाहनात बसणाऱ्याची. सर्वांत कठोर शब्द राखून ठेवले आहेत ते बैलावर बसून जाणाऱ्यासाठी. त्याला नरक सांगितला आहे आणि पितर त्याच्या हातचे पाणी घेत नाहीत, असे म्हटले आहे. पैठणहून काशीला गेलेल्या घराण्यातले नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात 'त्रिस्थलीसेतू' या तीर्थयात्रेवरच्या ग्रंथात अशा वचनांची छाननी केली. पांडुरंग वामन काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासाच्या चौथ्या खंडात ही सारी चर्चा एकत्र मांडली आहे. ती वाचताना जाणवते, की या नियमांना टोचते आहे ते मुक्या जनावराचे ओझे आणि श्रीमंतीचा दिमाख. पाय दुखले पाहिजेत, एवढाच हेतू असता तर बैलाचा वेगळा उल्लेख करायचे काही कारण नव्हते.

यावर कोणी म्हणेल, कष्टाशिवाय तप नाही, आणि तपाशिवाय यात्रा म्हणजे सहल. या आक्षेपात तथ्य आहे आणि तो केवळ आपलाच नाही. नॉर्वेत ओस्लोहून त्रोनहाइमच्या संत ओलाफच्या कॅथेड्रलकडे जाणारी साडेसहाशे किलोमीटरच्या आसपासची यात्रावाट 1997 मध्ये पुन्हा खुली झाली. 1537 च्या धर्मसुधारणेनंतर तिथे यात्रा मोडीत निघाल्या होत्या. आज रेल्वे-विमान हाताशी असूनही लोक ती वाट चालतात, आणि शेवटचे शंभर किलोमीटर पायी आलेल्याला प्रमाणपत्र मिळते. स्वतःच्या देहावर स्वतःहून घेतलेला कष्ट मन एकाग्र करतो, हे मी नाकारत नाही. पण त्याची मोजपट्टी करून ती दुसऱ्याच्या भक्तीला लावली, की ती क्रूर होते. जामसांवलीला ज्यांना आणले जाते, त्यांत मनाने खचलेली, भ्रमात हरवलेली माणसे पुष्कळ. एखादी आई तरुण मुलाचा हात घट्ट धरून बसमधून उतरते, तिला पायी न आल्याचा दोष कोण देणार? महाभारताच्या वनपर्वातल्या तीर्थयात्रेच्या प्रकरणात तीर्थ हे गरिबाचे साधन म्हटले आहे, कारण यज्ञ त्याच्या आवाक्याबाहेर असतो. आणि ज्या देवाकडे ही माणसे येतात, त्याची सारी ओळखच दुसऱ्याचा भार वाहणारा अशी आहे. राम-लक्ष्मणांना त्याने खांद्यावर नेले, लक्ष्मणासाठी डोंगर उचलला. इथे तर तो वाटेत टेकलेला आहे. वाटेवर विसावा घेणे कमीपणाचे आहे असे त्याच्यासमोर म्हणवत नाही.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. भार कोणावर एवढेच पाहायचे, तर इंजिनाला वेदना नाहीत. मग आलिशान गाडी निर्दोषच? नाही. इंजिन दमत नसले तरी शनिवारची चौथी फेरी मारणारा चालक दमतो. भरधाव गाडीला वाट देण्यासाठी पायी भक्ताला रस्त्याखाली उतरावे लागते. मत्स्यपुराणातला बैल गेला, पण त्याचे ओझे कोणाच्या तरी मानेवर राहिलेच. पायी चालणाराही वाटेतल्या गावाचे पाणी पितो, अन्न खातो, हे खरे. पण ते देणारा आपण होऊन देतो, आणि हिसकावून घेतलेल्या वाटेपेक्षा ते फार वेगळे आहे.

म्हणूनच 2023 च्या ऑगस्टमध्ये जामसांवलीला 'हनुमान लोक' या मंदिर-परिसर प्रकल्पाचे भूमिपूजन झाले, तेव्हापासून माझ्या मनात प्रश्न आहे तो प्रवेशद्वाराच्या उंचीचा नाही, तर गरीब माणूस तिथवर कसा पोहोचणार याचा. नागपूर-छिंदवाडा नॅरोगेज 2015 च्या अखेरीस बंद झाली आणि रूळ बदलेपर्यंत काही वर्षे सौंसरच्या गरिबाची सर्वांत स्वस्त गाडी नाहीशी झाली होती. मध्य प्रदेशाने आपले परिवहन महामंडळ 2005 मध्येच गुंडाळायला घेतले. महाराष्ट्राच्या एसटीत महिलांना मिळणारी अर्ध्या तिकिटाची सवलत राज्याच्या हद्दीवर संपते, आणि देऊळ हद्दीपलीकडे आहे. महाराष्ट्रातल्या सावनेरकडून येणाऱ्या बाईला पुढचे भाडे पूर्ण मोजावे लागते. वाहनतळ किती गाड्यांचा असावा, याचा विचार करणाऱ्यांनी सौंसर स्थानकापासून देवळापर्यंत ठरल्या वेळी, ठरल्या भाड्यात धावणाऱ्या बसचा विचार त्याच्या आधी करावा. ते काम धर्माच्या बाहेरचे आहे, असे मी मानत नाही.