कयाकमागचा गळ

ट्राउट पकडण्याच्या पद्धतींमध्ये सर्वांत निरुपद्रवी दिसणारी पद्धत म्हणजे कयाकमागे गळ ओढत नेणे. तिला ट्रोलिंग म्हणतात. समाजमाध्यमांवर लोकांना चिथावण्यालाही हाच शब्द चिकटला आहे. मी अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात राहतो. इथल्या सखल भागातल्या अनेक तळ्यांचा हंगाम एप्रिलच्या चौथ्या शनिवारी उघडतो, आणि पहाटेच्या धुक्यात वल्ही मारणारी माणसे दिसू लागतात. इंजिन नाही, धूर नाही, आवाज नाही. गळाची काठी शेजारच्या खोबणीत खोचलेली असते. तिच्यापासून तीस-चाळीस मीटर मागे, बोटाच्या पेराएवढा धातूचा चकचकीत तुकडा पाण्यात डुलत येत असतो.

वेग ताशी तीनेक किलोमीटर, म्हणजे रमतगमत चालण्याइतका. सरळ रेषेत जायचे नाही, नागमोडी जायचे. वळणावर आमिष क्षणभर मंदावते, थोडे बुडते, मग पुन्हा उसळी घेते. जखमी पिल्लू असेच पोहते. पाठलाग करणारा ट्राउट बहुधा तेव्हाच झडप घालतो. काठीचे टोक थरथरत असले की आमिष नीट चालले आहे असे समजायचे. थरथर थांबली तर गवत अडकले असणार. बाकी माणसाने काहीच करायचे नसते. तो डोंगर बघतो, पाणपक्षी बघतो. फसवणुकीचे काम पाठीमागे, त्याच्या नजरेआड, आपोआप चालू असते.

या पद्धतीतला नैतिक प्रश्न मला इथेच दिसतो. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची व्याख्या करताना प्रमादाला मध्यवर्ती जागा दिली आहे. जीव गेला एवढ्यावर ती व्याख्या थांबत नाही. तो गाफीलपणातून गेला का, हेही विचारते. कयाकमागे गळ ओढणे हा एका अर्थी मुद्दाम मांडून ठेवलेला गाफीलपणा आहे. हात मोकळे, मन शांत, आणि मागे तीक्ष्ण आकडा.

माझ्याबरोबर तळ्यावर येणारा एक मित्र पकडलेला प्रत्येक मासा सोडून देतो. मी दोन घरी आणतो आणि खातो. त्याच्या मते आमच्या दोघांत हिंसक मी. त्याच्या पाठीशी मोठी परंपरा आहे. ली वुल्फ या अमेरिकन मासेमाराने १९३९ सालीच मासे सोडून देण्याचा पुरस्कार केला होता. चांगला मासा एकदाच पकडून संपवू नये, असा त्याचा विचार. आज तो विचार इतका रुजला आहे की मासा खाणाऱ्याकडे थोडे खालच्या नजरेने पाहिले जाते.

मित्राची ही रीत मी सिंधुदुर्गात राहणाऱ्या वडिलांना फोनवर सांगितली. खाडीवर गरवण्यात त्यांचे बालपण गेलेले. ते एवढेच म्हणाले, “सोडूचो होतो, तर धरल्यान कित्याक?”

मला वाटते, सगळा वाद या एका प्रश्नात आहे. सोडणे ही दया आहे खरी. पण जी इजा मीच केली, तिच्यावरची ती दया आहे. आणि इजा होते, असे मानायला आधार आहे. लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये रेनबो ट्राउटच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू असल्याचे दाखवले. ओठांत मधमाशीचे विष किंवा ॲसिटिक आम्ल टोचलेले मासे अंग डोलवू लागले, बराच वेळ त्यांनी अन्नाला तोंड लावले नाही. आम्ल टोचलेल्यांनी तर ओठ खड्यांवर घासले. जेम्स रोझ यांच्यासारख्या शास्त्रज्ञांचा आक्षेप असा, की वेदनेची जाणीव व्हायला लागणारा मेंदूचा बाह्यस्तर माशाला नसतो. वाद मिटलेला नाही. पण शंका असेल तर तिचा फायदा कोणाला द्यायचा? आकडा ज्याच्या हातात आहे त्याला, की ज्याच्या ओठात आहे त्याला?

देशोदेशीच्या कायद्यांनीही हा प्रश्न वेगवेगळा सोडवला आहे. स्वित्झर्लंडच्या २००८ च्या प्राणिसंरक्षण नियमांनुसार, सोडून देण्याच्याच इराद्याने मासा गळाला लावायला मनाई आहे. अमेरिकेत मात्र अनेक पाण्यांवर सोडणेच सक्तीचे आहे, कारण तिथे काळजी माशांच्या संख्येची आहे. एक कायदा एकेका माशाकडे बघतो, दुसरा जातीकडे. दोघांना आपण दयाळू म्हणतो, आणि दोघांच्या आज्ञा उलट आहेत.

मित्राची बाजू दुबळी नाही. माशाला विचारता आले तर तो तव्यापेक्षा फाटका ओठच पत्करेल. मी त्याचा उरलेला जन्म घेतो, मित्र काही मिनिटे घेतो. सोडलेला प्रत्येक मासा जगतो असे नाही. पाणी वीस अंशांच्या वर तापलेले असेल तर दमलेल्या ट्राउटला सावरणे कठीण जाते. पण थंड पाण्यात, बिनकाट्याच्या आकड्याने, ओल्या हाताने, झटपट सोडलेले बहुतेक मासे जगतात. हे मला मान्य आहे.

तरीही मी खाणाऱ्याच्या बाजूने उभा राहतो, ते संख्येमुळे. खाणारा कुठेतरी थांबतो. दोन मासे झाले की आमच्या घराचे जेवण होते. तिसऱ्याला कारण उरत नाही, मी दोरा गुंडाळतो. सोडणाऱ्याला थांबायला कारणच नसते. त्याने एका सकाळी तीस मासे ओढले तरी त्याच्या हिशेबात मेलेले शून्य, म्हणून दोषही शून्य. भुकेला तळ असतो; खेळाला तो बाहेरून घालावा लागतो. सोडणाऱ्यानेही आकडा ठरवला आणि पाळला, तर आमच्यातले अंतर फारसे उरणार नाही.

“मासा निमित्त आहे, मी तळ्यासाठी येतो,” असेही मित्र म्हणतो. याची परीक्षा सोपी आहे. काठी घरी ठेवायची आणि तेच तळे, त्याच वेळी, तेवढाच वेळ वल्हवायचे. दोन मासे लवकर मिळाले की उरलेली सकाळ मी तसाच फिरतो. पाणी तेच असते, डोंगर तेच असतात, आणि तरी खोबणीतल्या स्थिर काठीकडे नजर पुन्हा पुन्हा जाते. ती थरथरावी असे वाटत राहते. त्या वाटण्याचा भुकेशी काही संबंध नाही. म्हणूनच त्या वेळी दोरा पाण्याबाहेर असायला हवा.