नावाची जकात

घोडनदीवर डिंभे येथे धरण झाले आणि त्याच्या जलाशयात मूळचे आंबेगाव हे गाव बुडाले. तालुक्याची कचेरी घोडेगावी आहे, मोठी बाजारपेठ मंचरास आहे; तथापि तालुक्याचे नाव आंबेगाव हेच राहिले. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर, शाळेच्या दाखल्यावर, लग्नपत्रिकेवर ते आजही नित्य लिहिले जाते. वस्तू पाण्याखाली जावी आणि तिच्या नावाने सहस्रावधी माणसांनी आपली ओळख सांगावी, याहून नावाच्या सामर्थ्याचे ठळक उदाहरण आम्हांस तरी ठाऊक नाही. असे नाव कोणाच्या मालकीचे, असा प्रश्न आमच्या वडिलांच्या पिढीत कोणी विचारला असता, तर त्याची गणना रिकामटेकड्यांत झाली असती. आज मात्र तो प्रश्न पैशाच्या व्यवहाराचा झाला आहे, आणि आमच्या घरातच तो उपस्थित झाल्यामुळे त्याचा थोडा विचार करणे आम्हांस भाग पडले.

ज्या वाचकांस या व्यवहाराची माहिती नसेल त्यांच्यासाठी तो थोडक्यात सांगतो. इंटरनेटवर ज्यास आपले दुकान, संस्था अथवा लेखन मांडावयाचे असेल, त्यास एक पत्ता लागतो. त्यास डोमेन म्हणतात. एक डोमेन एकाच वेळी एकाच्याच नावावर असू शकते, आणि जो प्रथम मागेल त्यास ते मिळते. वर्षाचे शुल्क बहुधा काही शेकड्यांपासून हजार-दीड हजार रुपयांपर्यंत असते. ही खरी मालकी नव्हे, भाडेपट्टाच होय. एका वेळी फार तर दहा वर्षांपुरता पट्टा घेता येतो, आणि तो वेळेवर वाढविला नाही, तर काही दिवसांच्या सवलतीनंतर नाव पुनः सर्वांस मोकळे होते. भारताचे म्हणून जे ‘इन’ या अक्षरांनी संपणारे पत्ते आहेत, ते २००५ पासून सर्वसाधारण लोकांस सुलभपणे मिळू लागले. २०१४ मध्ये ‘भारत’ हे देवनागरी अक्षरांचे शेपूटही उपलब्ध झाले. या व्यवस्थेतून एक धंदा निघाला आहे. मोकळी असलेली वा मुदत संपलेली नावे स्वस्तात घ्यावयाची आणि गरजवंत गाठून थोड्याच दिवसांत थोड्या नफ्याने विकून टाकावयाची. लाखांच्या गोष्टी यात क्वचित घडतात. साधा विक्रेता आठशेंस घेऊन चार-पाच हजारांस विकतो आणि पुढच्या नावाकडे वळतो.

आमचा एक भाचा नारायणगावी असतो. शिक्षण अभियांत्रिकीचे, नोकरी बेताची. रात्री जेवणानंतर तो हा धंदा करी. मे महिन्यात आम्ही त्याच्याकडे गेलो असता त्याने मोठ्या उत्साहाने आपली वही दाखविली. तीत एका ओळीवर आमची दृष्टी थबकली. तालुक्याच्या पश्चिमेकडील डोंगरपट्ट्यातील स्त्रियांचा एक बचत गट आहे. हिरडा, मध, नाचणीचे पदार्थ असा त्यांचा माल. कित्येक वर्षे एकाच नावाने त्या तो विकीत आल्या आहेत. ते नाव आमच्या भाच्याने घेऊन ठेविले होते. गटातील एका मुलीने चौकशी केली, तेव्हा त्याने पाच हजार रुपये सांगितले.

“मामा, यात लबाडी काय?” तो म्हणाला. “नाव मोकळे होते. त्यांनी आधी का घेतले नाही? आणि मी काही लाख मागत नाही.”

त्याचे म्हणणे धुडकावून लावण्यासारखे नव्हते. नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात व्यापारी काय करतो? शेतकऱ्याकडून क्रेट घेतो आणि दूरच्या शहरी अधिक भावाने विकतो. टोमॅटो त्याने पिकविलेला नसतो. केवळ घेणे आणि विकणे हे पाप मानले, तर जगातील निम्म्या बाजारपेठांस टाळे ठोकावे लागेल. शिवाय भाच्याने आणखी एक मुद्दा मांडला, तो असा की, घेतलेल्या दहा नावांतील आठ पडूनच राहतात. त्यांचे वार्षिक शुल्क अंगावर पडते. म्हणजे तो धोका पत्करतो, आणि धोका पत्करणारास मोबदला मिळणे न्याय्यच आहे.

या दोन मुद्द्यांपैकी दुसरा आधी घेऊ. धोका पत्करल्याने लाभ न्याय्य ठरत असता, तर जुगारी हा सर्वांत न्यायी मनुष्य ठरला असता. आठ नावांत बुडालेला पैसा नवव्या नावाच्या गरजवंताने का भरून द्यावा, याचे उत्तर धोक्याच्या युक्तिवादात मिळत नाही. नफा कसा होतो हे त्याने कळते. तो योग्य आहे की नाही, हे कळत नाही.

पहिला मुद्दा अधिक खोल आहे. टोमॅटोचा व्यापारी आणि नावाचा व्यापारी यांत भेद कोणता? आमच्या मते भेद ओळखण्यास एक साधी कसोटी पुरे आहे. मध्ये उभ्या असलेल्या मनुष्यास क्षणभर कल्पनेने दूर करावे आणि घेणाराचे काय होते ते पाहावे. टोमॅटोचा व्यापारी दूर केला, तर शेतकऱ्याचा माल बांधावर नासेल आणि शहरातील गृहिणीची पिशवी रिकामी राहील. दोघांचीही हानी होईल. आमच्या भाच्यास दूर केले, तर त्या स्त्रियांस तेच नाव शुल्कापुरत्या पैशांत मिळेल. एकाच्या असण्याने वस्तू गरजवंतापर्यंत पोचते. दुसऱ्याच्या असण्याने ती पोचण्यास अडते, आणि अडसर दूर करण्याचे तो पैसे घेतो.

जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. सातवाहनांच्या काळी कोकणातील बंदरांकडून येणारा माल या घाटाने वर चढून जुन्नरास व तेथून पैठणाकडे जाई. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे; त्यात जकातीची नाणी टाकीत असत, अशी लोकसमजूत आहे. ती जकात कोणास अन्यायाची वाटली असेल असे आम्हांस वाटत नाही, कारण तेथेच खडकात पाण्याची टाकी खोदलेली आहेत, विसाव्यास लेणे आहे, आणि चढणीचा मार्ग कोणीतरी कष्टाने बांधलेला आहे. जुन्नरच्या लेण्यांतील एका कोरीव लेखात धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. म्हणजे मार्गावरून ज्यांनी मिळविले, त्यांनी मार्गस्थांसाठी काही ठेविलेही. आता अशी कल्पना करा की, घाट दुसऱ्यांनी बांधला, पाणी दुसऱ्यांनी साठविले, आणि एक मनुष्य पहाटे लवकर उठून केवळ रांजणापाशी जाऊन बसला. तो इतरांच्या आधी उठला, हे खरे. पण तेवढ्याने जकातीवर त्याचा हक्क पोचतो काय?

त्या बचत गटाच्या नावास किंमत कोणी आणली? ते जेव्हा प्रथम ठेविले तेव्हा ती दोन साधी अक्षरे होती. आठशे रुपयांसही कोणी घेतली नसती. पावसाळ्यापूर्वी हिरडा गोळा करून वाळविणाऱ्या हातांनी, मापात खोट न करण्याच्या सवयीने आणि बाजारातून बाजारात केलेल्या पायपिटीने त्या अक्षरांस मोल आले. विठाबाईंनी आयुष्यभर फडावर उभे राहून ‘नारायणगावकर’ या आडनावास जो मान मिळवून दिला, तो आडनावात मुळीच नव्हता. नावाचे मोल हे ते धारण करणाराच्या श्रमाचे साठलेले फळ असते. ते फळ दुसऱ्याने आधी हात घालून तोडावे आणि झाड लावणारासच विकावे, हा व्यापार खचित नव्हे.

येथे कोणी म्हणेल, “पण रक्कम क्षुल्लक आहे, पाच हजारांत कोणाचे घर बुडते?” अल्प नफा हा सहसा सद्गुण मानला जातो, आणि बहुतेक व्यवहारांत तो आहेही. परंतु येथे थोडे थांबावे. अमेरिकेत १९९८ साली एका वरिष्ठ न्यायालयाने या विषयावरील एक गाजलेला खटला निकालात काढला. चित्रपटाचे कॅमेरे करणाऱ्या पॅनाव्हिजन या कंपनीचे नाव एका गृहस्थाने आधीच नोंदवून ठेविले होते. त्या पत्त्यावर त्याने इलिनॉय प्रांतातील पाना नामक गावाची छायाचित्रे लाविली होती. कंपनीकडे त्याने तेरा हजार डॉलर मागितले, आणि सुचविले की, वकिलांची धन करण्यापेक्षा हे नाव विकत घेणे स्वस्त पडेल. न्यायालयाने निकाल त्याच्या विरुद्ध दिला. पण त्या सूचनेत या धंद्याचे सारे मर्म आहे. मागणीची रक्कम नावाच्या मोलावरून ठरत नाही. न्याय मिळविण्याच्या खर्चावरून ठरते, आणि त्याच्या किंचित खाली ठेविली जाते.

आमच्या देशातही कायदा मुका नाही. ‘रेडिफ’शी मिळतेजुळते नाव घेणाराविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ मध्ये निर्णय दिला, डोमेनलाही व्यापारी चिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या खटल्यात सांगितले, ‘इन’ पत्त्यांच्या तंट्यांसाठी लवादाची निराळी सोयही आहे. पण लवादाचे शुल्क आणि वकिलाचा खर्च धनाढ्य कंपनीस परवडतो. डोंगरातील बचत गटास पाच हजार देऊन मोकळे होणे हाच स्वस्त मार्ग असतो, आणि मागणारास हे पक्के ठाऊक असते. यास्तव अशा ठिकाणी नफ्याचे अल्पत्व म्हणजे संयम समजू नये. समोरचा भांडणार नाही, याचा तो हिशेब असतो. मोठ्या कंपनीकडून मोठी रक्कम मागणारा निदान बरोबरीच्या प्रतिस्पर्ध्याशी सामना करतो. लहानाकडून लहान रक्कम मागणाराचा गुन्हा लहान दिसतो, एवढेच.

तथापि या धंद्यातील प्रत्येक मनुष्यास वाटमाऱ्या म्हणणे हा अन्याय होईल. भाषेतील शब्द सर्वांचे आहेत. कोणी दोन साधे शब्द कल्पकतेने जुळवून एखादे गोड, सुटसुटीत नाव शोधले, ते कोणाचेही नसताना नोंदविले, आणि नवा उद्योग काढू पाहणाऱ्या अनोळखी मनुष्यास थोड्या नफ्याने दिले, तर आमची कसोटी त्यास निर्दोष ठरविते. त्यास दूर केले असता घेणारास ते नाव सुचलेच नसते. त्याने शोधण्याची कला विकली. टाकून दिलेली नावे उचलून, योग्य धनी शोधून, त्याच्यापर्यंत पोचविणाऱ्यानेही श्रमच केले आहेत. यास आम्ही खुशाल व्यापार म्हणू.

कठीण प्रश्न आहे तो गावांच्या नावांचा. जुन्नर, शिवनेरी, लेण्याद्री, भीमाशंकर ही नावे कोणा एकाच्या कष्टाची नव्हेत. कित्येक पिढ्यांची आहेत. २०१८ मध्ये शासनाने जुन्नरास पर्यटन तालुका म्हणून मान्यता दिली, तेव्हा या नावांचे बाजारमूल्य वाढले असेल, यात नवल नाही. ज्याने असे नाव घेऊन त्यावर लेण्यांची, वाटांची, एसटीच्या वेळांची विश्वसनीय माहिती मांडली, त्याने गावाची सेवा केली; त्यात त्यास चार पैसे मिळाले तर ते त्याचेच. पण नाव नुसते अडवून, त्यावर काहीही न लिहिता, गिऱ्हाइकाची वाट पाहत बसणे हे गावच्या पाणवठ्यावर कुंपण घालण्यासारखे आहे. येथे धनी कोण हे नोंदवहीवरून ठरविण्यापेक्षा, नावाचा उपयोग कोण करतो यावरून ठरविणे आम्हांस अधिक योग्य वाटते.

एवढे सारे आम्ही भाच्यास सांगितले. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग मामा, तुमचा हायवेचा प्लॉट?”

वाचकांपासून हे लपविण्यात अर्थ नाही. काही वर्षांपूर्वी पुणे-नाशिक रस्त्यालगत आम्ही तीन गुंठे जागा एका शेतकऱ्याकडून घेतली होती. तीवर आम्ही वीटही रचली नाही. रस्ता रुंद होणार, ही कुणकुण होती, एवढेच. तीन वर्षांनी ती एका शिक्षकास बऱ्याच अधिक किमतीस दिली. त्याने घर बांधावयास कर्ज काढले होते. आमचीच कसोटी आम्हांस लावून पाहा. आम्ही मध्ये नसतो, तर ती वाढ एक तर शेतकऱ्याच्या पदरी पडली असती, नाही तर शिक्षकाची वाचली असती. रस्ता जनतेच्या पैशाने झाला. आम्ही केवळ रांजणापाशी बसून होतो. त्या वेळी आप्तेष्टांनी आमच्या दूरदृष्टीची तारीफ केली आणि आम्ही ती आनंदाने स्वीकारली. भाच्याचे पाच हजार आमच्या डोळ्यांस खुपले, कारण तो व्यवहार नवा होता. आमचा व्यवहार जुना व रूढ असल्यामुळे त्यास आम्ही शहाणपण म्हणत आलो.

त्या प्रश्नास आम्ही उत्तर दिले नाही, कारण आमच्यापाशी ते नव्हते. दुसऱ्या दिवशी भाच्याने त्या मुलीस फोन केला आणि स्वतःस पडलेल्या खर्चात नाव गटाच्या स्वाधीन केले. धंदा त्याने सोडला नाही. परंतु आता नाव घेण्यापूर्वी ते कोणी धारण केले आहे काय, हे तो पाहतो, असे त्याच्या आईकडून कळले. नाव परत करणे सोपे होते; ते कोणाचे, हे त्यास ठाऊक होते. आमच्या तीन गुंठ्यांवरील नफा कोणाचा होता, शेतकऱ्याचा की शिक्षकाचा, याचा निर्णय आमच्याने अद्यापि झालेला नाही. तोपर्यंत त्या रकमेस ‘आमची कमाई’ म्हणणे आम्ही बंद केले आहे.